वाटीभर मनुका

३ जाने., शुक्र.
नवऱ्याची दारू सुटण्याचे तोटे कोणी आधी सांगत नाही. पूर्वी ऊन वर येईपर्यंत घरात शांतता असे. आता पहाटेच पेटी उघडते नि स्तुतिगीत सुरू. प्रभू झोपत नाही म्हणे. मी झोपते. याची वर नोंद व्हावी.

यांनी बॅण्डपार्टीत, वरातींत गाऊन आवाज कमावला. निम्मी बिदागी बाटलीतच मिळायची. दीडेक वर्ष कोरडे. तरी संध्याकाळी दारात उभं राहून स्वतःच तोंड उघडतात. मी वास घेते. मग आत.

परवा चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर नि प्याल्याचा विधी. नंतर कमिटी यांना राजूरला पाठवायचं ठरवणार. खाणीच्या वस्तीत गाणं, प्रार्थना, पिणाऱ्यांत बसणं. यांना आयुष्यात दुसरं काही नकोय.

५ जाने., रवि.
माझा बाप्तिस्मा नाही, मागच्या बाकावरून बघते. यांनी भाकर घेतली, प्याला न पिताच पुढे सरकवला. आमच्या मंडळीत प्याला कोण सोडतो? ज्याच्या मनात ताजं पाप सलतं तो. सगळ्या माना वळल्या.

चपला शोधताना कानावर आलं, "पुन्हा सुरू झाली वाट्टे बाप्पा!"

म्हणजे प्याला नाही म्हणून बेवडा ठरला. जन्मभर लोकांची टिंगल केली, हा विनोद मला सुचला नसता.

घरी म्हणाले, "खरा द्राक्षारस असते तो, दारूच. वास आला व. म्हून पुढं सरकवला."

९ जाने.
कमिटीनं राजूर थांबवलं. पुढच्या प्रभुभोजनात प्याला घेतला तर बघू. पाळकसाहेब स्वतः आले, अगदी मायेनं.
"अरे, एक घोट! त्यानं काय होते?"
"साहेब, एका घोटानंच तं सुरू झालतं."
मग चहा.

पेटी बंद. सकाळी भरपूर झोप मिळाली. नको होती.

३१ जाने., शुक्र.
मनुका भिजवून, उकळून, गाळून रस. रंग तोच, नशा नाही. पण घरात मनुका कुठल्या? शेजारच्या शेवंताकडून वाटीभर आणल्या.
"कायले पायजे? शिरा करून राह्यली का?"
"नवऱ्याले वाचवून राह्यली."
हसली. मग हसायची थांबली.

१ फेब्रु.
रसाची बाटली पाळकसाहेबांना नेऊन दिली.
"बाई, प्रभूच्या मेजावर दोन प्याले नसतात."
"मग साऱ्यायलेच हा द्या."
बाटली उजेडात धरून पाहिली. "बघतो." ठेवून घेतली.
यांना तेवढंच सांगितलं. दिली, बघतो म्हणाले. हे जेवले नाहीत.

२ फेब्रु., रवि.
प्याला आला. हे बराच वेळ आत बघत राहिले. घेतला. गळ्याची गाठ हलली.

मग गाणं. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला सावरला. बायका रडल्या. पाळकसाहेबांनी माझ्या बाकाकडे एकदाही पाहिलं नाही. प्याल्यात काय होतं, बाहेर मी कोणाला विचारलं नाही.

राजूर नक्की. कमिटी यांना घेऊन बसली. मी बाजारातून मनुका घेऊन घरी.

संध्याकाळी आले. दारात थांबले, सवयीनं तोंड उघडून. "पाय व, वास घेऊन," म्हणाले.

मी मनुकांची वाटी पदराखाली घेतली आणि वास न घेताच त्यांच्या बाजूनं निघाले. शेवंता घरी नव्हती. तिच्या ओट्यावर ठेवली, काठोकाठ, वर ताटली झाकून.

वळले तर हे अजून दारातच. तसेच.