आईच्या मेळाव्याची परवानगी

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार (उभ्यानंच केला आहे, गुडघा वाकत नाही, पण वाकून केल्याचं समजून घे). तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक. आईची तब्येत उत्तम, म्हणजे रोज निदान तीन माणसांना ती धारेवर धरते. पत्र जरा लांबेल. शिवणाच्या मशीनचा पट्टा तुटल्यामुळे आज मला वेळ आहे, आणि सांगण्यासारखंही पुष्कळ साठलं आहे.

तुला फोनवर सांगितलंच होतं की आईच्या वाचनालयाची खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे. पुलापलीकडची मुलींची शाळा सगळी पुस्तकं घ्यायला तयार आहे. दारावर आईचं नावसुद्धा लावणार आहेत. मुख्याध्यापिकाबाईंची अट एकच, पुस्तकं पुरी हवीत, अर्धंमुर्धं काही नको. आता गंमत अशी की अकराशे पुस्तकांपैकी चारशे बारा लोकांच्या घरी आहेत, आणि काही तर इतक्या वर्षांपासून आहेत की त्या घरच्या मुलींबरोबर सासरी जाऊन आली. घरोघर फिरून मागावीत, तर चौतीस वर्षांत आईनं कुणाकडे तोंडानं पुस्तक मागितलेलं नाही. समोरच्याला लाज वाटेल म्हणे. (माझ्याकडे शिवायला टाकलेले ब्लाऊज लोक वर्षवर्ष नेत नाहीत, मी भर रस्त्यात हाका मारते. मी तिच्यावर गेले नाही हे बरंच झालं.) शेवटी मीच तोड काढली. बागेत जाहीर मेळावा भरवायचा, लांबलचक टेबल मांडायचं, आणि ज्यानं त्यानं मुकाट्यानं पुस्तक ठेवून घरी जायचं. कोणी कोणाला काही विचारायचं नाही.

उघड्या जागेवर पंचवीसपेक्षा जास्त माणसं जमायची असतील तर नगरपालिकेची परवानगी लागते. अर्ज करणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. सभा, प्रदर्शन, विक्री, मिरवणूक, यांतलं काहीच आमचं नव्हतं, म्हणून ‘इतर’वर खूण केली आणि खाली बारीक अक्षरात सगळं समजावून लिहिलं. फक्त एक चूक केली. अर्ज आईला वाचायला दिला. तुला ठाऊक आहे, तिच्या एका हातात कागद आला की दुसरा हात आपोआप वाचनालयाच्या शिक्क्याकडे जातो (तुझ्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावरही उमटला होता). तिनं वाचला, ‘छान आहे’ म्हणाली, आणि खाली ठसठशीत उमटवलं: ‘पंधरा दिवसांच्या आत परत करावे.’ मी न बघता पाकिटात घातला. पंधराव्या दिवशी नगरपालिकेचा शिपाई दारात हजर. अर्ज परत, वर काही शेरा नाही, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. मी तणतणत गेले, तर खिडकीवरच्या कारकुनांनी शांतपणे शिक्का दाखवला. म्हणाले, “बाई, स्पष्ट लिहिलंय. आम्ही मुदत पाळली.” त्या कार्यालयानं मुदत पाळण्याची ही पहिलीच वेळ असावी, आणि ती नेमकी आमच्या नशिबी यावी!

पण मी काय हार मानणार? दुसरा अर्ज केला आणि आईला लांब ठेवलं. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं की घोषणा कोण देणार. कोणी नाही. भाषण? तेही नाही. मग लोक येणार कशाला, असा त्यांचा सवाल, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पश्चात्ताप करायला, असं मी सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार करून ‘शांततामय कार्यक्रम’ असं लिहून घेतलं. अग्निशमनवाल्यांचं म्हणणं, पुस्तकं म्हणजे कागद आणि कागद म्हणजे धोका, सबब वाळूच्या चार बादल्या ठेवा. कबूल केल्या. अडलं ते बागेच्या अधीक्षकांपाशी. टेबलानं हिरवळीत खड्डे पडतात, परवानगी नाही, विषय संपला. मी उठले तेव्हा नजर गेली त्यांच्या स्वतःच्या टेबलाखाली. एक पाय आखूड, आणि त्याखाली जाडजूड पुस्तक. मी वाकले (गुडघा धरला तो तिथेच) पुस्तक ओढून काढलं आणि मागच्या पानावरची वाचनालयाची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. ‘गुलाबाची लागवड’, अकरा वर्षांपूर्वीची तारीख, खाली साहेबांचंच नाव. साहेब कानापर्यंत लाल झाले. सही झाली, शिक्का झाला, वर पहिला नंबर माझाच लावा, अशी विनंतीही झाली.

तर येत्या रविवारी चार ते सहा, बागेत मेळावा. हिरवळीवर बसायला मनाई, बोलायला परवानगी. चारशे बाराच्या चारशे बारा परत येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. – माझ्याकडेच सात निघाली. कापड बेतताना वर वजन म्हणून ठेवत होते. आईला कळवू नकोस.

ता. क. दुसरा – हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी. यादी करायला मी आईची वही उतरवून काढली. नऊ वर्षांपूर्वी जाताना नेलेला प्रवासवर्णनाचा पहिला खंड तुझ्याकडे आहे. पुस्तक मुदतीत परत आलं नाही की आई नावापुढे लाल फुली मारते. तुझ्या नावापुढे एकही नाही. तिथे दर पंधरवड्याला तिनं स्वतःच्या हातानं ‘मुदत वाढवली’ असं लिहून सही केली आहे. पानंच्या पानं. मी मोजायला बसले होते, मला मोजवेना. तुला कामं असतात हे मला कळतं, तिलाही कळतं, म्हणून तर ती मागत नाही. मी मागते आहे. पुस्तक पोस्टानं पाठवायचं नाही, स्वतः घेऊन यायचं. हरवलं असेल तरी यायचं. एक खंड कमी पडला तर शाळेचं काय ते मी बघून घेईन.