नर्सबाईंची मधली सुट्टी

दि. १४ जून

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र परवा पोहोचले. येथे सर्व ठीक. 'सर्व' या शब्दात आता मी आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच येतो. तुझी आई जाऊन या आठवड्यात आठ महिने झाले.

शाळेत तुला चक्कर आली आणि औषधांच्या कपाटाला धरून तू खाली बसलीस, हे वाचून मन अस्वस्थ झाले. पोटातील व्रणाबद्दल डॉक्टर स्पष्ट बोलले, हे बरे झाले : रोज वेळेवर, बसून, अर्धा तास जेवण, ते जमत नसेल तर सप्टेंबरअखेर नोकरी सोडणे. तू मात्र लगेच सोडण्याच्याच गोष्टी करू लागलीस, हे मला पटले नाही. शाळेतील परिचारिकेचे काम तू अकरा वर्षे जीव लावून केलेस. ते एका डब्यापायी सोडायचे?

दाराला पाटी लावावी. मजकूर असा : 'दुपारी १२.३० ते १.०० परिचारिका जेवत आहेत. तातडी असल्यासच दार वाजवावे.' शिवाय मुख्याध्यापिकांना लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

एक सांगतो, राग मानू नकोस. तुझ्या आईने हेच काम माझ्याच शाळेत बावीस वर्षे केले. जेवणाची तक्रार तिने एकदाही केली नाही. प्रश्न शिस्तीचा असतो.

प्रकृतीस जपावे. लोभ आहेच, तुझ्या उत्तराने तो वाढेल.

तुझा,
बाबा


दि. २२ जून

ती. बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार. पाटी लावली. मजकूर तुमचा आणि अक्षरही शक्य तितकं तुमच्या वळणाचं. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात नऊ जणांनी दार वाजवलं. त्यातल्या चौघी, पाटीवर लिहिलंय ते खरं आहे का, हे विचारायला आल्या होत्या. एकीचा दात हलत होता. दात हलणं तातडीचं की नाही, यावर तिची आणि तिच्या मैत्रिणीची दारातच जुंपली, आणि निवाडा अर्थात मी करायचा. मग गणिताच्या बाई आल्या. म्हणाल्या, तू जेव गं निवांत, मी फक्त बीपी बघून घेते. बीपी बघायला दोन हात लागतात, आणि ते दोन्ही माझे.

बाबा, मधली सुट्टी मुलांची असते, म्हणूनच ती माझी नसते. मुलं तेव्हाच पळतात, पडतात, एकमेकांना ढकलतात. दोघींना जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं असतं. मोठ्या बाईंना लेखी दिलं. त्या म्हणाल्या, कोणी आजारी नसेल तेव्हा तुझा सगळा दिवस मोकळाच की. कोणी आजारी नसेल तेव्हा, म्हणजे रविवारी.

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आईनं तक्रार केली नाही, हे खरं. पण ती जेवायची कुठे, ते ठाऊक आहे तुम्हांला? मी त्याच शाळेत शिकत होते, म्हणून मला ठाऊक आहे. आधी तिचा डबा भरलेलाच घरी यायचा. एकदा तुम्ही कपाळाला आठी घालून म्हणालात, अन्न टाकणं ही बेशिस्त आहे. त्यानंतर डबा रोज रिकामा यायला लागला आणि तुम्हांला वाटलं, चला, वळण लागलं. शाळा सुटल्यावर तुम्ही कचेरीच्या कामाला मागे थांबायचात. आई मला घेऊन बसथांब्यावर यायची आणि सव्वाचारला तो गार डबा भराभर संपवायची. बस आलीच तर शेवटचे घास उभ्यानं. मला म्हणायची, बाबांना बोलू नकोस, त्यांच्या डोक्याला आधीच शंभर ताप.

तुम्ही रोज साडेबाराला स्टाफरूममध्ये जेवत होतात, बाबा. तिच्या खोलीपासून चार दारं पुढे.

जास्त लिहिलं असेल तर लहान म्हणून पोटात घाला. माया कमी करू नका.

तुमची,
धाकटी


दि. १६ जुलै

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. उत्तरास चोवीस दिवस लागले, क्षमस्व. तू विचारलेस त्याचे उत्तर 'नाही' एवढेच होते, आणि तो एक शब्द लिहवत नव्हता.

शाळेचे वेळापत्रक एकोणीस वर्षे मीच आखीत असे, हे तुला आठवत असेल : जेवणाच्या टेबलावर मोठा कागद, तीन रंगांच्या पेन्सिली, आणि घरातील सर्वांनी गप्प बसायचे. एकाही शिक्षकास एका वेळी दोन वर्गांवर जावे लागले नाही, याचा मला अभिमान होता. त्या कागदांची गुंडाळी कपाटावरून काढली. एकोणीस कागद, एकोणीस वर्षांचे. घंटा वाजविणाऱ्या शिपायाची जेवणाची वेळ त्यांत आहे. बागेला पाणी घालण्याची वेळ आहे. परिचारिका कोठेही नाही. तुझी आई त्याच टेबलाशी, माझ्या कोपराशेजारी बसून मला पेन्सिलींना टोक करून देत असे.

मंगळवारी शाळेत गेलो. निवृत्तीनंतर प्रथमच. तिच्या खोलीबाहेरील बाकावर साडेबारा ते एक बसून राहिलो. आताची परिचारिका तुझ्याहूनही लहान आहे. तिच्या टेबलावर एक उकडलेले अंडे होते, एक चावा घेतलेले. मी उठलो तेव्हाही त्यास एकच चावा होता. जुन्या सहकाऱ्यांनी जेवावयास आग्रहाने बोलाविले. मी त्या खोलीपासून स्टाफरूमच्या दारापर्यंत चालत गेलो आणि दारातूनच परतलो. बेचाळीस पावले आहेत.

तिच्या आजाराचा याच्याशी काही संबंध नव्हता, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. मी ते स्वतःस पुनःपुन्हा सांगतो. त्याने दिलासा मिळतो, सुटका होत नाही.

आता कामाचे. तुझ्या शाळेचे संपूर्ण वेळापत्रक पाठव. प्रत्येक शिक्षकाचे मोकळे तास त्यात दिसले पाहिजेत. प्रथमोपचाराचे शिक्षण कोणी घेतले आहे, तेही कळव.

पाटीबद्दल लिहिले ते मागे घेतो. शिस्तीबद्दल लिहिले तेही.

तुझा,
बाबा


दि. २१ जुलै

ती. बाबांस,

सा. नमस्कार. तुमचं पत्र वाचलं आणि माझं मला परत घ्यावंसं वाटलं. पण पेटीत टाकलेलं पत्र आणि सुटलेला शब्द, दोन्ही सारखेच.

वेळापत्रक सोबत आहे. प्रथमोपचार माझ्याखेरीज खेळाचे सर आणि ग्रंथपाल बाई शिकल्यात. फार आशा ठेवू नका. काल पुन्हा पोटात आग पडली. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. तारीख तेवढी घालायची राहिली आहे.

शेजारच्या काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, तुझे बाबा ओट्याशी उभ्यानंच चार घास खातात, खिडकीतून दिसतं. मला बसून जेवायचे धडे देणारे ते तुम्हीच ना? रागावत नाही, नुसतं विचारते.

तुमची,
धाकटी


दि. २ ऑगस्ट

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. काकूंची दृष्टी उत्तम आहे. त्या विषयावर नंतर लिहीन.

मी जन्मभर एक चूक करीत आलो : शाळेत सर्वांना एकाच वेळी भूक लागते, असे धरून चाललो. परिचारिकेचे जेवण मधल्या सुट्टीत बसणारच नाही. ते सुट्टीच्या आधी बसते. पाचवा तास, ११.५० ते १२.२०. मुले तेव्हा वर्गात असतात. इन्सुलिनच्या दोघी येईपर्यंत तू परतलेली असशील. खेळाचे सर तो तास चार दिवस मोकळे आहेत, पाचव्या दिवशी ग्रंथपाल बाई. त्यांनी तुझ्या खोलीत बसावे आणि तू तेथून उठून ग्रंथालयामागील खोलीत जावे. फारच अडले तर हाक ऐकू येईल इतकी ती जवळ आहे. आपल्याच खोलीत जेवणारा माणूस सर्वांना रिकामाच दिसतो.

नवा कागद आखून मुख्याध्यापिकांना विनंतीपत्रासह आजच रवाना केला आहे. शिक्षकांच्या नावांखाली एक ओळ वाढविली : परिचारिका. पट्टी ठेवून रेघ मारावयास अर्धे मिनिटही लागले नाही. पेन्सिलीस टोक मात्र मला नीट करता येत नाही. तीन वेळा मोडले.

राजीनाम्यावर तारीख घालू नकोस.

तुझा,
बाबा


दि. २८ ऑगस्ट

ती. बाबांस,

सा. नमस्कार. मोठ्या बाई तुमचं पत्र वाचून म्हणाल्या, इतकं व्यवस्थित पत्र नाकारायचं तर तितकंच व्यवस्थित उत्तर लिहावं लागेल, त्यापेक्षा महिनाभर करून बघू.

पहिल्या दिवशी मला जेवताच येईना. डबा उघडला आणि कान दाराकडे. कोणीच वाजवेना. शेवटी भीतभीत पहिला घास घेतला आणि भाजीत मीठ जास्त झालंय, हे अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. नवऱ्याला घरी गेल्यावर सांगितलं. तो म्हणाला, मीठ रोज तेवढंच असतं.

चौथ्या दिवशी खेळाचे सर संघ घेऊन सामन्याला गेले आणि मी पुन्हा डबा झाकला. तेवढ्यात मोठ्या बाई स्वतः येऊन माझ्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, ऊठ, जेवून ये. परत येऊन बघते तर त्यांच्या एका हातात नाकातून रक्त येणारी पोरगी, दुसऱ्या हातात ओकारीचं भांडं, चष्मा कपाळावर. एवढंच म्हणाल्या, रोज असंच असतं? मी म्हटलं, आज कमी आहे. काल, महिना व्हायच्या आतच, ती ओळ कायम केल्याची सूचना फळ्यावर लागली. डॉक्टर म्हणाले, व्रण भरत आलाय.

हा कागद उलटून बघा. राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय.

आता तुमची पाळी. कुठे बसून जेवता ते कळवा.

तुमची,
धाकटी


दि. ५ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. कागद उलटून पाहिला. राजीनामा नेटका लिहिला होतास. तो मी आता कुलपात ठेवला आहे.

तू विचारलेस म्हणून कळवितो. गेल्या सोमवारपासून मी रोज आपल्या जुन्या शाळेत जातो. तुझ्या शाळेसाठी आखलेला कागद पाहून येथील उपमुख्याध्यापकांनीही ओळ वाढविली. परंतु त्या तासास कोणी शिक्षक मोकळा नव्हता. मी मोकळा आहे. प्रथमोपचाराचा चार दिवसांचा वर्ग केला. परीक्षेत पट्टी सैल बांधली म्हणून दोन गुण गेले. ते न्याय्य होते. दररोज ११.५० ते १२.२० मी तुझ्या आईच्या खोलीत, तिच्या खुर्चीत बसतो. खुर्ची तीच आहे. एक पाय डुगडुगतो. त्याखाली घडी घातलेला कागद आहे आणि तो माझ्याच एका वेळापत्रकाचा तुकडा आहे. तो मी तसाच राहू दिला.

१२.२० ला परिचारिका परत आली की मी डबा घेऊन बसथांब्यावर जातो आणि बाकावर बसून जेवतो. दोन बस सोडतो. काकूंना तसे कळविण्यास हरकत नाही.

काल एक चिमुरडी गुडघा खरचटून आली. मला आपादमस्तक न्याहाळून तिने विचारले की सिस्टर कुठे आहेत. त्या खोलीत बावीस वर्षांत जे कोणी कधीच म्हटले नाही, ते मी उभे राहून तिला सांगितले : बाळ, सिस्टर जेवायला गेल्या आहेत. ती म्हणाली, बरं, मग मी थांबते. आणि ती थांबली.

तुझा,
बाबा