ब्राँझवाल्या बापाचा रविवार

सोमवार, १० फेब्रुवारी

नवी वही. जुनी ४ जानेवारीलाच थांबली. तिचा कागद खरखरीत होता.

लिनेटचा फोन. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, पण फोनवरचा आवाज अजून मी सतरंजीवर काहीतरी सांडल्यासारखाच. म्हणाली, इमीला यापुढे तुझ्याकडे रविवारी यायचं नाही. फर्गस येईल, तो सहा वर्षांचा आहे, त्याला कुठेही चालतं.

कारण काय, तर निपर्स. रविवारी सकाळी वुलाँगाँगमधली अर्धी पोरं गुलाबी बनियन आणि टोप्या घालून वाळूत पळतात, बुडत्याला कसं वाचवायचं ते शिकतात. इमी दहा वर्षांची, गटात पहिली. एकाआड एक रविवार ती माझ्याकडे असते आणि तेव्हा तिचं निपर्स बुडतं, कारण मी नेत नाही. न नेण्याला कारणं आहेत. गुडघा. पार्किंग. सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं.

मी म्हणालो, तेवीस तारखेचा रविवार माझा आहे. तेवढा होऊ दे, मग तिलाच ठरवू दे. लिनेट म्हणाली, ठीक आहे, पण ती ठरवेल ते मुकाट्यानं ऐकायचं, रसेल. अर्थात ऐकेन. ती माझ्याच बाजूनं ठरवणार आहे.

ठराव: मुलांना असा दिवस दाखवायचा की वेडची बोट विसरतील. (वेड म्हणजे लिनेटचा सध्याचा. दातांचा डॉक्टर. बोटीला दोन इंजिनं.) बोट कुणीही विकत घेईल. दिवस घडवावा लागतो. हे वाक्य चांगलं झालं, मुलांसमोर सहज सुचल्यासारखं म्हणायचं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

योजना तयार. शहरातली फुकटची बस. बंदराशेजारचा समुद्राच्या पाण्याचा फुकटचा तलाव. बागेतला फुकटचा बार्बेक्यू, बटण दाबलं की तवा तापतो. विकत घ्यायचं फक्त सॉसेज आणि ब्रेड. तेही आजच घेऊन टाकलं, स्वस्तात होतं.

इमीच्या क्लबचा किनारा तिकडे उत्तरेला, पार आठ स्टेशनं लांब. आपण शहराच्या किनाऱ्यावर. निपर्सचा संबंधच नको.

खालच्या मजल्यावरच्या स्तोयानला योजना ऐकवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मॅसिडोनियन म्हातारा, ऑस्ट्रेलियात येऊन इथल्या पोलाद कारखान्यात चाळीस वर्षं काढली, आता टोमॅटो लावतो. म्हणाला, सॉसेज आज घेतलंस आणि खाणार तेवीसला? पोरं मारायचीत का? मी म्हणालो, फ्रीझर असतो, स्तोयान. मग म्हणाला, एवढा खटाटोप कशाला करतोस बाबा, पोरीला तिच्या टोपीसकट वाळूवर सोड आणि तू बस सावलीत, संपलं. जुन्या माणसांना कल्पनाशक्ती नसते.

ठराव: उद्यापासून रोज साडेपाचला पोहायला. मुलांसमोर पाण्यात दमदार दिसलं पाहिजे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गजर झाला. हवा संशयास्पद वाटली, गेलो नाही.

सात वाजता पाहिलं तर लख्ख ऊन. हवामानखात्यावर विश्वास राहिलेला नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पोहलो! एक फेरी. शेजारच्या पट्ट्यातून एक आजीबाई माझ्या पुढे गेल्या, परत आल्या आणि पुन्हा पुढे गेल्या. त्यांचा पोहण्याचा चष्मा महागातला होता.

बाकीचा आठवडा विश्रांती. अंग जास्त ताणलं तर ऐन दिवशी दगा देतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

इमीचा फोन. आपणहून केला! विचारत होती, डॅड, रविवारी टोपी आणि गुलाबी बनियन आणू का, त्या दिवशी तिथे ते... मी मध्येच म्हणालो, तू कसलंच टेन्शन घेऊ नकोस, सगळं ठरलंय. मग म्हणाली, ताहलिया सारखी विचारते तुझ्याबद्दल. ताहलिया म्हणजे तिची निपर्सची शिक्षिका, एकोणीस वर्षांची आहे, पण सगळे तिला टरकून असतात. निपर्सना पाण्यात सोडायचं तर आजूबाजूला ब्राँझवाली मोठी माणसं लागतात, आणि ती कायम कमी पडतात. ब्राँझ म्हणजे जीवरक्षकाचं पदक. इमीनं तिला सांगून ठेवलंय की माझ्या डॅडकडे ब्राँझ आहे.

ते इमीला मी सांगितलंय. ती पाच वर्षांची असताना लाटेला घाबरली होती, तेव्हा.

म्हणाली, पदक आण ना रविवारी. फर्गीनं पाहिलं नाहीये. मी म्हणालो, बघतो, कुठेतरी असेल.

खण उपसले. सापडलं: जुन्या घराची किल्ली, तीन बॅटऱ्या, १९९६ चा एक कागद. त्यावर लिहिलंय, लेखी परीक्षा उत्तीर्ण. शंभरपैकी एक्क्याण्णव! विषयाचं ज्ञान हेच खरं महत्त्वाचं. पाण्यातल्या परीक्षेच्या दिवशी थंडी होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. कागद परत खणात ठेवला.

रविवार, २३ फेब्रुवारी, स. ६.१०

दिवस उजाडला! मुलं उत्साहात. बागेतले बार्बेक्यू सात वाजेपर्यंत लोक पटकावतात, टेबलावर बर्फाचा डबा ठेवून जागा धरतात. म्हणून लवकर निघालो. फुकटची बस रविवारी उशिरा सुरू होते, हे पाटीवर फार बारीक अक्षरांत लिहिलंय. पायी निघालो. फर्गस पायजम्यात आहे. डब्याचा एक कान इमीनं धरलाय, न सांगता. गुणाची पोर.

७.२०

बार्बेक्यू मिळाला. सगळेच रिकामे आहेत.

सॉसेज भाजून तयार. फर्गस म्हणाला, सकाळी सॉसेज नको, कॉर्नफ्लेक्स हवे. मी म्हणालो, बोट कुणीही विकत घेईल, दिवस घडवावा लागतो. तो म्हणाला, कुठली बोट? वेडची? आज जाणार आपण?

तीन सॉसेज सीगल पक्ष्यांनी नेली. तेवढाच मुलांना निसर्ग जवळून पाहायला मिळाला.

८.४५

दुपारचं जेवण संपलं आहे. फुकटचा तलाव सफाईसाठी रिकामा केलाय. पाटी होती, पण तलावापाशी. तलावापाशी आल्याशिवाय वाचणार कशी?

काही बिघडलेलं नाही. समुद्र आहे.

९.५०

घोटाळा. किनाऱ्यावर गुलाबी बनियनांचा महापूर. सगळ्या क्लबांची वार्षिक शर्यत आज आणि इथेच. इमी म्हणाली, मी फोनवर हेच सांगत होते, डॅड. रागावली नव्हती. हातात टोपी होती. बनियन आतून घालूनच आली होती.

ताहलिया धावत आली. म्हणाली, तुम्हीच ना इमीचे डॅड, ब्राँझवाले? देवासारखे भेटलात, इमीच्या गटाची शर्यत अडलीये, पाण्यात एक माणूस कमी पडतोय, याल का? इमीनं माझ्याकडे पाहिलं. असं तिनं माझ्याकडे पाहून फार दिवस झाले होते.

आता वास्तविक गुडघा सांगायला हवा होता. मी म्हणालो, येतो की, आधी जरा अंग मोकळं करून घेतो.

पोहण्याची सुरक्षित हद्द दाखवणाऱ्या झेंड्यांपासून लांब एक जागा हेरून ठेवलीये. दोन्हीकडे लाटा फुटतायत, मधला पट्टा अगदी सपाट आणि शांत. मुलं वाळूवर. वही इमीकडे देतो. वाचणार नाही, शब्द दिलाय.

त्याच दिवशी, सायं. ६

समुद्र आज विचित्र होता.

असं लिहून सुरुवात केली, पण पेन पुढे जाईना.

या किनाऱ्यावर सहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं की जिथे लाट फुटत नाही, सगळं गुळगुळीत दिसतं, तिथेच समुद्राची आत नेणारी ओढ असते. लेखी परीक्षेत तिसरा प्रश्न तोच होता. मला त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते. आणि मी नेमका तिथे शिरलो, कारण तिथे पोहणं सोपं दिसत होतं.

दहा हात मारले आणि मागे वळून पाहिलं तर मुलं बोटाएवढी. ओढीत सापडलं की नियम एकच: हातपाय झाडायचे नाहीत, तरंगायचं आणि एक हात सरळ वर करायचा. मी तरंगलो. हात नाही वर केला. किनाऱ्यावर दोनशे पोरं आणि त्यांचे आईबाप, कशाला हात दाखवून अवलक्षण? उलट मी पाठीवर पडून मजेत असल्यासारखं दाखवत होतो. तोंडात पाणी जात होतं तरी हसरं ठेवलं होतं. खरं म्हणजे मी भयंकर घाबरलो होतो.

तेव्हा वाळूवर एक हात वर गेलेला दिसला. इमीचा. हात तसाच वर धरून ती ताहलियाकडे पळत होती आणि दुसऱ्या हातानं फर्गीला ओढत नेत होती.

ताहलियानं फळीवर घालून आणलं. दोनशे गुलाबी बनियनं रांगेत उभी. कुणीतरी माणूस कर्ण्यावरून लहानांना सांगत होता, बघा, हे काका शांत राहिले, छान, पण काय करायला विसरले? सगळी पोरं एका सुरात ओरडली, हात वर! मग टाळ्या वाजल्या.

ताहलियानं हळूच विचारलं, ब्राँझ कुठल्या सालचं? मी म्हणालो, गुडघा आखडला. इमी तिथेच उभी होती.

शर्यतीसाठी माणूस दुसरीकडून मिळाला. इमीला ताहलिया म्हणाली, तू पळ. ती नको म्हणाली. माझ्याशेजारी बसून राहिली, तिचा टॉवेल माझ्या खांद्यावर.

बसमध्ये फर्गीनं विचारलं, डॅड, पदक आहे तर तू का बुडालास? इमी म्हणाली, फर्गी, गप्प बस, बाहेर बघ. तिला कळलंय. तिनं मला लाज वाटू नये म्हणून धाकट्याला गप्प केलं, आणि त्यानंच मला जास्त लाज वाटली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

स्तोयानला आधीच माहीत. त्याच्या नातवाचा मुलगा निपर्समध्ये आहे. त्यानं चार टोमॅटो दिले. मी जिन्यात पोचल्यावर खालून म्हणाला, रसेल, मला पण पोहता येत नाही, पण मी कुणाला येतं म्हणून सांगत नाही.

टोमॅटो चांगले होते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

लिनेटला फोन. म्हणालो, इमीचे रविवार राहू देत तुझ्याकडे, मी काही बोलणार नाही. शिवाय ते ब्राँझ, म्हणजे, मुलांना तू सांगितलंस तरी चालेल.

ती म्हणाली, मला काय नवीन सांगतोस? त्या परीक्षेच्या दिवशी थंडीत तुझा टॉवेल घेऊन सकाळी सहापासून वाळूत कोण बसलं होतं? तासभर वाट पाहिली तुझी.

मी विसरलो होतो. म्हणजे लग्नाआधीपासून तिला ठाऊक होतं. लग्नात, भांडणांत, घटस्फोटात, वकिलासमोर, कधी तोंडातून काढलं नाही. मुलांपाशी तर नाहीच. मी मात्र हिला वर्षानुवर्षं टोचून बोलणारी म्हणत आलोय, याच वहीत सुद्धा.

कुणाला न दिसणारी लाज कमी असते असं वाटायचं. तसं नसतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

विजय! इमीचा निरोप: तुझ्याकडचे माझे रविवार कायम! येणार! दर वेळी!

म्हणजे दिवस फुकट गेला नाही. मुलांना बोटी नको असतात, बापाचा वेळ हवा असतो. मी म्हणतच होतो. पुढच्या वेळी दीपगृह आणि पतंग. ठराव: बसचं वेळापत्रक आधी वाचायचं.

थोड्या वेळानं

फर्गसशी बोललो. त्याला विचारलं, इमी काय म्हणाली रे आईला? त्यानं सांगितलं, ती म्हणाली, डॅड एकटा असला की पाण्यात जातो आणि हात वर करत नाही, म्हणून वाळूवर कुणीतरी पाहिजे.

फर्गसनं पुढे विचारलं, पतंग खरंच आणणार का? मी हो म्हणालो.

रविवार, ९ मार्च, स. ९.३०

इमीच्या क्लबचा किनारा. पार्किंग सहज मिळालं.

इमीनं ताहलियाला विचारून माझं नाव घातलंय, मोठ्या नवशिक्यांच्या गटात. आम्ही पाच जण. चार जण परदेशातून अलीकडेच आलेत, त्यांनी समुद्रच उशिरा पाहिला. पाचवा मी, इथेच जन्मलेला. टोपीवर इमीनं मार्करनं माझं नाव लिहिलंय आणि खाली लिनेटचा फोन नंबर. ताहलियानं विचारलं, आधी काही शिकलायत? मी म्हणालो, लेखी. इमी हसली नाही. पदकाचं मी तिला गाडीत सांगितलं होतं. ती म्हणाली, माहितेय, डॅड.

आमची पहिली पाळी झाली, म्हणून हे लिहितोय. पाणी गुडघ्यापर्यंत. झेंड्यांच्या मधोमध. इमीची शर्यत संपली होती, ती वाळूवर उकिडवी बसून माझ्यावर नजर ठेवून होती. मध्येच तिनं हात वर केला, म्हणजे मीही करायचा, ठीक आहे म्हणून, असं आमचं ठरलंय. सगळ्यांच्या देखत, गुडघाभर पाण्यात.

मी केला.