चिठ्ठ्यांची मागची बाजू

मंगळवार, १६ डिसेंबर
दुपार

प्रिय धाकटीस ताईचा सलाम.

देवदयेने आम्ही दोघं बरे आहोत. तुम्हा सर्वांना प्रभूने सुखात ठेवलं असेल अशी आशा आहे. दर नाताळात तुझं कार्ड ह्यांच्या नावाने येतं, त्यावरून तू हयात आहेस एवढं कळतं. कार्डावर "सर्वांस शुभेच्छा" असतं. त्या सर्वांत मी असते असं मी धरून चालते.

माझे गुडघे पूर्वीसारखेच. हे निवृत्त झाले आणि माझ्या स्वयंपाकघरात साहेब होऊन बसले. परवा मला म्हणाले, "चमचे डाव्या खणात ठेवलेस तर तुझी चार पावलं वाचतील." तीस वर्षं मी न विचारता चाललेली पावलं आता हे मोजतात. पडदे धुतले. बाकी सगळं आहे तसंच आहे.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे परवा रविवारी आपल्या देवळात एक वेगळीच उपासना झाली आणि तिच्यात माझ्या हातून एक घोटाळा झाला. तो तुला बाहेरून कळण्याआधी मीच कळवावा म्हणून लिहिते आहे.

नवे पाळकसाहेब तरुण आहेत. नोव्हेंबरात ते म्हणाले, ज्यांच्या घरचं माणूस गेलं आहे त्यांना नाताळाच्या गजबजाटात बसवत नाही. ते मागच्या बाकावर येतात आणि पहिल्या गीताला उठून जातात. त्यांच्यासाठी वेगळी उपासना घेऊ, दुपारी चार वाजता. तारे नकोत, घंटा नकोत. ज्याला गायचं त्याने गावं, ज्याला नुसतं बसायचं त्याने बसावं. मंडळीत कुजबुज झाली की नाताळात मुद्दाम रडायला कोण येणार. आली एकतीस माणसं. खुर्च्या आणायला शेजारच्या शाळेच्या वर्गात जावं लागलं.

मेणबत्त्या आणि चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या. मेणबत्त्या मी नव्या घेऊ दिल्या नाहीत. तीन वर्षांची बुडखं माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात जपलेली होती, ती तळाशी तासून वाळूच्या ताटात उभी केली. कुणी बोटभर, कुणी वीतभर, एक तर अगदी नखाएवढं. पाळकसाहेब ताटाकडे बघून म्हणाले, "बाई, हीसुद्धा आपल्या मंडळीसारखीच दिसतात." ते कौतुक होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

रीत अशी ठरली होती. प्रत्येक खुर्चीवर एक कोरी चिठ्ठी. गेलेल्या माणसाचं नाव तिच्यावर पेन्सिलीने लिहायचं, पुढे जाऊन ते मोठ्याने उच्चारायचं, मेणबत्ती लावायची, चिठ्ठी टोपलीत टाकायची. आता कोरे कागद आपल्या घरी कधी वाया गेले आहेत का? एका बाजूला वापरलेले कागद मी ठेवतेच. त्यांचेच तुकडे केले, कोरी बाजू वर करून ठेवले. ह्यांनी घाईघाईत भलताच गठ्ठा हातात दिला, आणि तिथेच चूक झाली.

पहिले उठले टपालवाले काका. तुला आठवतील, सायकलची घंटा न वाजवता नुसत्या आवाजाने गल्ली जागी करणारे. त्यांची बायको जूनमध्ये गेली. काका पुढे गेले, खिसे चाचपले, चष्मा घरी राहिला होता. चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली. पेन्सिलीचं अक्षर फिकट, मागचं शाईचं ठसठशीत. त्यांनी चिठ्ठी उलटली आणि आपल्या त्या आवाजात वाचलं, "धाकटे, तू फाटकाशी जे बोललीस ते अजून माझ्या कानात."

काकांनी चिठ्ठी पुन्हा उलटसुलट केली. "पुढे कापलंय," ते म्हणाले.

मग सगळीकडे कागदांची सळसळ झाली. माझ्या पुढच्याच रांगेतली शिंपीणबाई हळूच म्हणाली, "माझ्यावर आहे, यंदाही पडदे धुतले."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "माझ्यावर गुडघे आहेत."

"माझ्यावर पण गुडघेच."

तेवढ्यात शिंपीणबाई हसली. तिचा नवरा ऑगस्टमध्ये गेला, तेव्हापासून तिचं मशीनसुद्धा आवाज न करता चालतं असं आम्ही म्हणायचो. ती तोंडावर रुमाल धरून हसली, आणि मग सगळेच. पाळकसाहेबांनी डोळे मिटून मान खाली घातली. मला वाटलं रागावले. पण त्यांचे खांदे हलत होते. मी मात्र जमीन दुभंगेल का म्हणून वाट बघत बसले. ह्यांनी माझा हात धरला आणि कानात म्हणाले, "बस. इथून उठलीस तर सगळ्यांना कळेल." जसं काही कुणाला कळलं नव्हतं. माझं अक्षर मंडळीत कोण ओळखत नाही?

हसून झाल्यावर काकांनी चिठ्ठी सरळ केली आणि बायकोचं नाव घेतलं. इतक्या हळू की ते काकाच आहेत हे पटेना. मग एकेक जण उठला. हसल्यामुळे गळे मोकळे झाले होते, त्यामुळे रडणंही नीट झालं. धाकटे, इतकी चांगली उपासना मी फार दिवसांत पाहिली नव्हती.

शेवटी मी उठले. आईचं नाव घेतलं. नखाएवढं बुडखं माझ्यासाठीच उरलं होतं, ते लावलं. आणि काय झालं देव जाणे, पाठोपाठ तुझं नाव तोंडातून गेलं. मी घाबरून लगेच म्हणाले, "ती हयात आहे."

मागून काका म्हणाले, "मग तिला मेणबत्ती पोचायची नाही. टपाल पोचेल."

उपासना संपल्यावर मी टोपली उचलून पळणार होते. शिंपीणबाईने ती माझ्या हातून काढून घेतली आणि टेबलावर पालथी केली. खुर्च्यांवर उरलेल्या चिठ्ठ्याही आणल्या. गुडघे गुडघ्यांना, पडदे पडद्यांना असं जुळवत, कॉलरला लावते तशा टाचण्या लावत तिने अर्ध्या तासात सहा पानं उभी केली. काका बाजूला उभे होते. म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचवली. पहिल्यांदा एक वाचलं, ते न टाकलेलं निघालं."

मग शिंपीणबाईने विचारलं, "बाई, सहाही पानं एकाच ठिकाणी संपतात. 'पण त्या सकाळी खरं सांगायचं तर.' पुढचं कापड कुठे आहे?"

मी म्हणाले, पुढचं कधी बेतलंच नाही.

आता वर मी एक खोटं लिहिलं आहे. खोडत नाही, कागद खराब होईल. गठ्ठा ह्यांनी दिला नाही. मीच काढला आणि मीच कापला. दर नाताळात तुला पत्र सुरू करायचं आणि पान अर्ध्यावर सोडायचं, याचा मला कंटाळा आला होता. यंदापासून लिहायचं नाही असं ठरवलं. पत्रं जाळणार होते, पण मागची बाजू कोरी होती. मागे कोण बघतं, असं वाटलं.

आता त्या सकाळचं लिहिते.

मी सगळ्यांना सांगत आले की जुन्या पाळकसाहेबांना नाताळाची कामं होती आणि कबर खोदणारे दुपारनंतर सुट्टीवर जाणार होते, म्हणून आईला दहा वाजता माती दिली. तू फोनवर म्हणाली होतीस, "ताई, गाडी दोनला पोचते, थांब." तू पोचलीस तेव्हा आम्ही जेवून हात धूत होतो. फाटकाशी तू म्हणालीस, "आईचं मरणसुद्धा काटकसरीत उरकलंस." मी तुला उत्तर दिलं नाही. सगळे म्हणाले, ताई किती सोशिक.

ते जुने पाळकसाहेब आदल्या दिवशीच म्हणाले होते, "चार वाजता करू, काही अडचण नाही." मीच नको म्हणाले.

दोन वर्षं आईचं सगळं मी केलं. शेवटच्या आठवड्यात ती मला तुझ्या नावाने हाक मारायची. पाणी मी पाजायचे आणि ती म्हणायची, "धाकटी किती माझं करते." मी तिला कधी सुधारलं नाही, पण मनात धरलं. मला वाटलं, एक सकाळ तरी ती माझी एकटीची असावी. तू आलीस की पुन्हा ती तुझी आई झाली असती. त्यात काटकसर नव्हती, धाकटे. हावरेपणा होता. तू फार कमी बोललीस.

प्रभूकडे मी याची क्षमा सहा वर्षं मागते आहे. ती मिळाली असेलही. पण जिच्याकडे मागायची तिच्याकडे मागितली नाही, म्हणून ती अंगी लागत नाही. आज तुझ्याकडे मागते. मला क्षमा कर.

सोबत टाचण्यांसकट सहा पानं ठेवते आहे, बोट जपून. मागच्या बाजूला मंडळीतल्या गेलेल्यांची नावं आहेत. त्यांच्यासाठीही प्रार्थना कर. ती माणसं माझी पत्रं पाठीवर घेऊन तुझ्याकडे येत आहेत.

काका म्हणतात, उद्या बारापर्यंत पत्र टाकलं तर शनिवारी तुझ्या हातात. ते स्वतः टाकणार आहेत, माझ्यावर त्यांचा विश्वास नाही.

चोवीस तारखेला कबरीवर फुलं घेऊन जायचं आहे. हे विचारत होते, नेहमीसारखं दहाला निघायचं ना? मी सांगितलं, नाही. दोनची गाडी अजून दोनलाच येते. ती उशिरा आली तरी चालेल, आणि त्या दिवशी आलीच नाहीस तर पुढची बघेन. पण तू आल्याशिवाय मी निघणार नाही.

फाटकाशी थांबलेली,
तुझी ताई