सात वाजून चार मिनिटं

३ मार्च

परत गेलं! बाबांचा चेहरा अर्धा तसाच अडकला, वर ते गोल फिरणारं चक्र, आणि खलास. चार मिनिटं तरी झाली असतील-नसतील.

एक दिवस हा राउटर खिडकीतून फेकणार. त्याच्या मागोमाग लंबूला.

लंबू, मी आणि मामा – एका खोलीत तिघं. मामा नावाचाच मामा, कुणाचा कोण! तिघंही लॉन्ड्रीत, हॉटेलांच्या चादरी. खोली लॉन्ड्रीच्याच मागे. घरी संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इकडे दुपारच्या जेवणाची सुट्टी होते, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी डबा बाजूला ठेवून घरी फोन लावतो आणि हा ताडमाड पलंगावर पसरून कुस्त्या बघतो. सगळं नेट हाच गिळतो. आज म्हटलं, 'जरा वेळ बंद ठेव रे.' तर म्हणे, 'तुझ्या बापाचं नेट आहे का?'

बापासाठीच पाहिजे ना, गाढवा!

४ मार्च

गेलं. चार मिनिटं.

५ मार्च

डोकं फिरलंय. लिहून काढतो.

बाबांना झटका आला जानेवारीत. वाचा गेली, उजवी बाजू लुळी. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तीन महिन्यांत हात हलला तर हलला, पुढे कठीण. म्हणजे हातात हा एकच महिना. दादा मऊ. बाबांनी जरा तोंड फिरवलं की म्हणतो, 'राहू दे, दमले.' म्हणून व्यायाम मी घेतो, फोनवरून. नियम माझाच – वहिनीने स्टुलावर तांब्याला टेकवून फोन उभा करायचा आणि दोघांनी दार ओढून बाहेर जायचं. नाहीतर लाड सुरू. मला बाबांचं तोंड आणि छाती दिसते. हात खाली गादीवर. तो मला फोनात दिसेपर्यंत उचलायचा. मी ओरडतो, 'उचला! अजून वर! उचला म्हणतोय ना!' आणि नेमकं तेव्हाच नेट मरतं. परत लावलं तर लागत नाही. लागेपर्यंत इकडे घंटा होते.

हात गवंड्याचा. आख्ख्या गल्लीला त्या हाताने गिलावा केलाय. माझ्या गालालाही केलाय, जाड. सातवीत शाळा सुटली तेव्हा मला कामावर नेलं होतं. डोक्यावर घमेलं. 'उचल! उचल म्हणतोय ना!' एक दिवस घमेलं तिथेच आपटून जो निघालो तो इथपर्यंत आलो.

७ मार्च

सगळं करून झालं. राउटर खिडकीत ठेवला. बंद करून शंभर आकडे मोजून चालू केला. पासवर्ड बदलला. तासाभरात लंबूची कुस्ती चालू! मामाने सांगितला. 'त्याने विचारला, मी सांगितला. त्यात काय?' मामाच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

८ मार्च

राउटर माझ्या लोखंडी कपाटात घातला. मागे भोक होतंच, त्यातून वायर आत घेतली. कुलूप. किल्ली गळ्यात. आता बघ म्हणावं कुस्ती!

९ मार्च

आता तर लागायलाच पाच वेळा लावावं लागलं. लागलं आणि गेलं. लंबू दात काढत होता. कॉलर धरली त्याची. मामा मध्ये पडला, 'अरे, एका डबड्यापायी खून पाडता का रे?'

पाडला असता.

१२ मार्च

इंटरनेटवाला आला. 'राउटर कुठाय?' गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं. तो आधी राउटरकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. 'लोखंडी पेटीत कोंडलाय? मग नेट बाहेर येणार कुठून, कप्पाळ?' लंबू पलंगावर लोळून हसला. मामासुद्धा! या म्हाताऱ्याला तर मी बघतोच.

राउटर भिंतीवर उंच ठोकला. 'लावा आता घरी, माझ्यासमोरच लावा.' लावला. आरशासारखं चित्र. बाबांची दाढी वाढलेली दिसली. जेवलात का विचारलं, मान हलवली. म्हटलं, चला, हात उचला – गेलं!

इंटरनेटवाल्याने स्वतःचा मोबाइल दाखवला. त्याच्यावर सगळं धडधडीत चालू. 'इथलं गेलंच नाही हो. तिकडचं जातंय. जातं ती वेळ रोज लिहून ठेवा.'

लंबू म्हणाला, 'आता जा, घरच्यांची कॉलर धर.'

१३ मार्च

धरली. दादाला साधा फोन लावला. 'तुझ्याच्याने एक डबडं सांभाळवत नाही?'

'अरे, आम्ही आत जातो तेव्हा चालूच असतं. चारही दिवे हिरवे.'

'मग मी काय खोटं बोलतो?'

'तू ओरडतोस किती! दाराबाहेर ऐकू येतं. तुझी वहिनी म्हणते, भाऊजींना जरा –'

'मग तू घे व्यायाम! घेतोस?'

मी ठेवला फोन. हात काही माझा गेलेला नाही. बाप काही माझ्या एकट्याचा नाही.

१७ मार्च

वेळा. चौदा तारखेला सातवर चार मिनिटं. पंधराला पाच. सोळाला चार. आज दोनच. आज तर वेळ वाचवावा म्हणून खुशाली न विचारता थेट 'उचला'पासून सुरुवात केली होती!

१९ मार्च

सकाळी प्रेसवर डावा हात भाजला. मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी. मुकादम म्हणतो, लक्ष कुठे असतं तुझं? सांगणार होतो कुठे असतं.

फोन लावला तर व्यायामाचं सुचलंच नाही. बाबांना पट्टी दिसली. मान पुढे काढली. तोंडातून आवाज आला, 'आ... आ.' म्हटलं, काही नाही हो, चामडी गेली जराशी. बघतच राहिले. मी एका हाताने डबा उघडला, त्यांच्यासमोरच जेवलो. घंटा झाली तेव्हा मीच ठेवला.

आख्खा अर्धा तास! एकदाही गेलं नाही! म्हणजे दादाने शेवटी काहीतरी केलं. मनात आणलं की जमतं, फक्त शिव्या घालाव्या लागतात.

२० मार्च

गेलं. चार मिनिटं. नालायक सगळे.

२२ मार्च

महिना संपत आला. हात आहे तिथेच.

तिकडचाही इंटरनेटवाला येऊन गेला. नवी वायर टाकली. दोष नाही म्हणाला. मग दोष कोणाचा? माझा?

आज लंबूने डोकं चालवलं. त्याच्याकडे ते आहे हे आजच कळलं. म्हणाला, 'जातं त्या वेळी दिवे कसे होतात ते बघ. एक लाल झाला तर लाइन खराब. सगळेच विझले तर वीज.' वर म्हणाला, 'माझं नाव नको सांगू, तुझा दादा ऐकायचा नाही.' च्यायला, हसू आलं.

दादाला सांगितलं, उद्या तुझा फोन कपाटावर ठेव, राउटरकडे तोंड करून. व्हिडिओ चालू कर आणि नेहमीसारखे बाहेर जा. तो म्हणे, 'राउटर बाबांच्या खाटेला लागूनच आहे, उजव्या अंगाला. बटणाचा बोर्ड तिथेच ना. खाटही येईल त्यात.' म्हटलं, येऊ दे, मला दिवे दिसले पाहिजेत.

२३ मार्च

व्हिडिओ आला. दादाने न बघताच पाठवलाय.

चार हिरवे दिवे. माझा आवाज – काय घाणेरडा आवाज आहे माझा – 'उचला! उचला म्हणतोय ना!' मग गादीवरून एक हात आला. थरथरत. वीतभर वर उठला. बोर्डावर टेकला. एका बोटाने बटण दाबलं. दिवे गेले, मी गेलो. बाबांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने त्याच बोटाने बटण परत दाबलं; दादा आत आला तेव्हा चारही दिवे हिरवे.

सात वेळा बघितलं. उजवा हात. उजवाच!