तेल कोणासाठी तापत होतं

माय, तुले वाचता येत नव्हतं म्हणूनच हे लिहून राहिली आहे. वाचता येत असतं तर अर्ध्यातच कागद ओढून म्हणाली असतीस, पुरे झालं, उठ. मी चौथीपर्यंत गेलेली, अक्षर वाकडं, पण मले विचारायचं ते सरळ आहे. भावाची पाठ तू रोज चोळायचीस. माझी काहून नाही?

रोवणीचे दिवस. दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून धान लावायचं काम आपलं, बायांचं. भाऊ बैल घेऊन चिखलणी करायचा, तोही थकायचा, मी नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल तू वाटीत तापवायचीस ते त्याच्यासाठी. तो पालथा पडलेला आहे, तुझे हात त्याच्या पाठीवर आहेत, आणि मी चुलीत काड्या सारून राहिली, तेल थंड होऊ नये म्हणून. एकदा म्हटलं, माझी कंबर गेली. तू मागं वळूनही पाहिलं नाहीस. म्हणालीस, "बाईच्या अंगाले सवय असते. तेल नांगरावरच्या माणसाले, नाही तं बाळंतिणीले." लग्न झाल्यावर मी बाळंतपणाची वाट पाहू लागली. लोकांना वाटे, पोरीले लेकराची हौस आहे. मले तेलाची होती. आणि पहिल्या खेपेले माहेरी आली तर तू सुईण लावून दिलीस. तिचे हात म्हणजे बैलाचा खरारा. तू बांधीत होतीस, भावाचा डबा घेऊन.

आता नातीचं सांगते. माझ्या मुलाची मुलगी, नागपूरले कॉलेजात जीवशास्त्र शिकते. सुट्टीत घरी आली की महिन्याच्या दुखण्यात पांघरूण घेऊन पडते, सून गरम पाण्याची पिशवी आणून देते, मुलगा दारातून विचारते, डॉक्टरकडे जायचं का? मी समोर बसून तांदूळ निवडते. पोरीचा हेवा करावा असं माझं वय नाही, पण वाटते. परवा मी उठताना कंबर धरली, तिनं पाहिलं आणि शिकवणीच सुरू केली. पाठीच्या मणक्याजवळ दुखणं ओळखणाऱ्या पेशी असतात म्हणे. पेशीत जनुकं असतात. काही काम करतात, काही गप्प राहतात. बाईच्या त्या पेशीत आणि पुरुषाच्या त्या पेशीत सगळी सारखी कामाले लागत नाहीत. घर एकाच नकाशाचं, पण दिवे वेगवेगळ्या खोल्यांतले लागलेले, असं मी समजून घेतलं. आधी शास्त्रज्ञ हे बरेचदा उंदरांवरच पाहात, तेही नर.

"उंदरातही नरच?" मी म्हटलं.

"हो ना आजी. आता मात्र दोघांच्याही पेशी पाहून राहिले. माणसांच्यासुद्धा."

"मंग जास्त कोणाले दुखते ते सांग."

"यावरून जास्त-कमी नाही सांगता येत. वेगळं आहे, एवढंच."

वेगळं. एवढी मोठी फी भरून पोरगी वेगळं शिकली. मले जास्त पाहिजे होतं. तरी म्हटलं, भावाले तोंडावर सांगाले एवढंही पुरे. दुसऱ्या दिवशी लाखांदूरहून एसटी धरली आणि कोंढ्याले त्याच्या दारात उतरली. तो खाटेवर बसून पाय शेकत होता.

"बाई, फोन न करता? कोणी गेलं का?"

"कोणी नाही गेलं. भांडाले आली."

"मंग आधी च्या पे. उपाशीपोटी तुले भांडता येत नाही."

चहा पिऊन मी सगळं सांगितलं, पेशी, जनुकं, नर उंदीर. म्हटलं, सवय-बिवय काही नसते, बाईचं दुखणं बाईचं असते, आणि तेल सारं तू खाल्लंस. तो हसला नाही. बशी खाली ठेवली.

"माही पाठ कुठं दुखे बाई? अठरा वर्साचा होतो. मी तं पडल्या पडल्या झोपो. माय दोन हात फिरवे अन् उरलेलं आपल्या कमरेले लावे. लुगड्याच्या आतून. मले म्हणे, हलू नोको, कोणी आलं तं तुही पाठ दिसली पायजे. आजीच्या, मायच्या सासूच्या, धाकानं बाईमाणसासाठी तेल तापत होतं का आपल्या घरी?"

मी त्याची बशी उचलून मोरीत ठेवली. तो म्हणाला, "आता भांड."

परतीच्या गाडीत राग कमी व्हायले पाहिजे होता, तो वाढला. म्हणजे तेल तुम्ही दोघांनी वाटून घेतलं आणि मी काड्या सारत बसली. बाईचं दुखते हे तुले आपल्याच कमरेतून ठाऊक होतं. तरी मले सवय म्हणालीस. भावाले झोपेत तुझं गुपित मिळालं, मले जागेपणी मिळालं नाही. एक बोट तेल नसतं दिलं तरी चाललं असतं, खुणेनं सांगितलं असतंस.

घरी आल्यावर नातीनं विचारलं, "काय म्हणाले आजोबा? जिंकलीस?" मी म्हटलं, म्हातारा झाला तो, त्याले काय समजते. जास्त-कमी नाही, वेगळं, हे तिचं मी मान्य केलं. तिच्यासमोर. माझ्या मनात अजूनही त्याच्यापेक्षा मलेच जास्त दुखत होतं, आणि ते मी खोडणार नाही. तुझ्यापेक्षा जास्त होतं का, हे मात्र मी त्याले विचारलं नाही. त्यानं खरं सांगितलं असतं.