छोट्या साहेबांची रात्रपाळी

२ फेब्रुवारी, सकाळी ७
छोटे साहेब आज वीस दिवसांचे झाले. झोपेचा पत्ता नाही. कारखान्यात मी एकशे चाळीस माणसांच्या पाळ्या लावतो आणि साडेतीन किलोचा माणूस माझं ऐकत नाही म्हणजे काय! आजपासून तक्ता. कधी झोपला, कधी उठला, का उठला. आठ दिवसांत पॅटर्न सापडलाच पाहिजे. हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं.

३ फेब्रुवारी
बारा, दीड, तीन, सव्वाचार. ‘का उठला’ हा रकाना कोरा. दिवसभर पेंगत होतो. दोन ऑपरेटर एकाच मशीनवर लावले, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. घरी येऊन हिला म्हटलं, माझी झोप अशीच मोडत राहिली तर नोकरीवर गदा येईल. हिने पाळणा आपल्या बाजूला ओढून घेतला. समजूतदार आहे.

४ फेब्रुवारी
पुस्तकात लिहिलंय, नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही, पोट एवढंसं, दर दोन-तीन तासांनी उठणारच. लिहिणाऱ्याने पाळ्या कधी लावल्या नसाव्यात. नवा नियम: दहाला दिवा बंद, बोलणं बंद.

५ फेब्रुवारी, सकाळी ६
नियम लागू! मला एकदाही जाग आली नाही. हिला विचारलं, कसा झोपला? म्हणाली, झोपला. तक्त्यात लिहिलं: १० ते ५, सलग. शेवटी पद्धत लागते, पद्धत.

८ फेब्रुवारी
सलग चौथी रात्र. आमचा स्टोअरकीपर दोन महिन्यांनी बाप होणार आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याला सगळं समजावलं. म्हणाला, वहिनी नशीबवान आहेत. मी आपलं ‘छे, छे’ केलं. सकाळी बाहेरच्या दाराची कडी उघडी होती. ही हल्ली विसरते. थोडं बोललो.

१० फेब्रुवारी
भाजीत दोनदा मीठ. तरी सगळं जेवलो. हिच्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या, तिचा आवाज मला बरा वाटत नाही, चार दिवस येऊन राहू का? म्हटलं, कशाला उगीच, बाळ घड्याळ लावल्यासारखं झोपतंय. बसलेली घडी नव्या माणसाने विस्कटते, हा माझा अनुभव आहे.

१२ फेब्रुवारी
संध्याकाळी ही म्हणाली, “तो रडत नसला तरी मला त्याचं रडणं ऐकू येतं. भीती वाटते, एखाद्या दिवशी माझ्या हातून पडेल.”
तक्ताच समोर ठेवला. आठ रात्री, रोज सात तास सलग. रडतोय कुठे? हिने तक्त्यातल्या एकेका रात्रीवरून बोट फिरवलं. मग डोळ्यांत पाणी आलं. कौतुकाने आलं असावं.

१३ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावर एक नर्स राहतात, दवाखान्यात रात्रपाळी करतात. गेटवर भेटल्या. म्हणाल्या, जरा घरात लक्ष द्या. लक्षच देतोय म्हटलं, तेही लेखी. पुढे त्या काहीतरी सांगणार होत्या, पण माझी बस आली.

१५ फेब्रुवारी, दुपारी
पहाटे त्या नर्सनीच दार ठोठावलं. ड्युटीवरून परत येताना त्यांना ही जिन्यात पडलेली दिसली. बाळाला घेऊन पायरीवर बसली होती, डोळा लागला आणि चार पायऱ्या खाली घसरली. बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. त्याला ओरखडाही नाही. हिचं मनगट मोडलं.
नर्स म्हणाल्या, अकरा रात्री जिन्यात येरझारा घालतेय ती. यांची झोप मोडते, म्हणायची.
दार उघडलं तेव्हा मी चांगला ताजातवाना होतो.
डॉक्टरांनी विचारलं, या रोज किती तास झोपतात? मी सांगितलं, सात, सलग. ते म्हणाले, बाळाचं नाही, यांचं विचारतोय. रोज सकाळी मी हिला विचारत होतो, तो कसा झोपला. तू झोपलीस का, हे एकदाही विचारलं नाही. लाज वाटते.

संध्याकाळी ६
प्लास्टर घालून घरी आणलं. ताईंना फोन केला, या म्हटलं. त्या उद्या पोचतील. ही पलंगावर टेकली, माझ्याकडे बघून म्हणाली, “मी झोपू का?”
माझ्याच घरात, माझ्याच बायकोने, मला विचारलं. मी ‘हो’ म्हणेपर्यंत तिला झोप लागलीसुद्धा.
छोटे साहेब रडताहेत. बाटली दिली, दुपटं बदललं, खांद्यावर घेऊन फिरलो. एका हाताने लिहितोय. का रडताहेत, मला काही कळत नाही.